डाव्या दाराचा पोचा

प्रिय धाकट्या,

धाड्. मग जरासा दम खाऊन पुन्हा, धाड्. आज सकाळी चहाचा कप हातात घेतला आणि हा आवाज साठ वर्षं ओलांडून थेट कानात आला. बाबांच्या टॅक्सीचं मागचं डावं दार. शेवटचं वर्षभर ते एका आपटण्यात कधी लागलं नाही. पहिल्यांदा नुसतं टेकायचं, दुसऱ्यांदा बसायचं. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी शेवटचं गिऱ्हाईक उतरलं की ही दोन आपटणी ऐकू यायची आणि आई म्हणायची, आले. मी कवितेचं पुस्तक बोट पानात ठेवून मिटायचो. तू उंबऱ्यापर्यंत धावायचास आणि तिथेच थबकायचास.

इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या वहिनीचे गुडघे आणि जीभ दोन्ही आपापल्या जागी आहेत. गुडघे कमी चालतात, त्याची भरपाई जीभ करते. परवा शेजारणीला सांगत होती की आमच्या घरात कपाटभर त्र्याहत्तर छोट्या मॉडेल गाड्या आहेत, पण भाजी आणायला एक कामाची नाही. कपाटाची काच मात्र स्वतःच पुसते, आणि पुसताना एकही आरसा मोडत नाही. मी म्हटलं, मागच्या जन्मी गॅरेजवाली असशील. म्हणाली, असेन, म्हणूनच या जन्मी भंगार पदरात पडलं.

तुझं खोकं आलं तो दिवस मला पाठ आहे. आत कापूस, कापसात बाबांची टॅक्सी. एकास चोवीस मापाची, पण मला वाटलं बाबा आता खाली वाकून टायर बघतील. दुकानातला साधा संच घेऊन तू त्यातून आपली टॅक्सी काढली होतीस. स्टिअरिंगला बाबा गुंडाळायचे तशी सुतळी, खऱ्या दोऱ्यातून उसवलेल्या एकाच तंतूची. ड्रायव्हरच्या सीटवर चपटी झालेली उशी. मागच्या सीटला आईने लावलेलं ठिगळ, तेही जरा तिरकं, कारण ते तिरकंच होतं. मी भिंग लावून तासभर नुसता बघत बसलो. सोबत तुझी चिठ्ठी होती, अक्षर हललेलं. माझे हात आता टाचणी धरत नाहीत दादा, काचा, दिवे, चंदेरी पट्ट्या आणि शेवटचा रंग तेवढा तू कर, बाकी आहे तसं राहू दे.

बाकी आहे तसं राहू दे. किती सोपं काम सांगितलं होतंस. पट्ट्यांसाठी मी माझ्या गोळ्यांच्या पाकिटांचा चंदेरी कागद वापरला. म्हातारपणाचा एवढा एक फायदा आहे, बंपरचा माल घरपोच येतो. टाचण्यांच्या डोक्यांचे मागचे दिवे केले. काचा बसवताना श्वास रोखून धरला, कारण गोंदाची वाफ लागली तर काच कायमची धुरकट होते, हे मला तूच शिकवलं होतंस. पण हे सगळं नंतरचं. खोकं उघडल्यावर मी आधी काय केलं, ते तुला सांगितलेलं नाही.

मागच्या डाव्या दारावर, कडीच्या खाली, मसुराएवढा पोचा होता. तो कसा केला असशील हे मला लगेच कळलं. चमच्याची दांडी ज्योतीवर धरायची आणि प्लास्टिक मऊ होईपर्यंत हलक्या हाताने टेकवायची. क्षणभर जास्त झालं तर भोक पडतं. थरथरत्या हातांनी ते साधायला तुला किती दारं वाया घालवावी लागली असतील कोण जाणे. आणि मी काय केलं? खड्डे बुजवायची लांबी कालवली, त्या पोच्यात भरली, रात्रभर सुकू दिली आणि सकाळी ओल्या पॉलिश पेपरने घासून दार सपाट केलं. घासताना मी शाळेतल्या कविता म्हणतो, तुला ठाऊक आहे. चालीवर हात एका लयीत फिरतो. त्या दिवशी एकही ओळ आठवली नाही. तरीही दार इतकं गुळगुळीत झालं की वरच्या काळ्या रंगात खिडकीचे गज सरळ रेषेत दिसायला लागले. मी तुला फोटो पाठवला. तू लिहिलंस, सुंदर. एवढंच.

चार दिवसांनी तुझा फोन आला. आधी हवापाण्याचं बोलणं झालं. मग तू सहज विचारल्यासारखं विचारलंस, "दादा, डाव्या दाराला पोचा होता ना रे?"

मी म्हणालो, "पोचा? छे. बाबा गाडीला ओरखडा येऊ देत नसत. प्लास्टिकला जरा खड्डा पडला होता, तो मी भरून घेतला."

 तू म्हणालास, असेल, माझाच गोंधळ होतो हल्ली. मी वर हसलो, आणि वयाचा दोष आहे रे, असं काहीतरी बोललो. फोन ठेवल्यावर तुझी वहिनी म्हणाली, कुणाचा फोन होता, चेहरा का उतरलाय? मी चष्मा पुसत बसलो.

काल तुझ्या बायकोचा फोन आला. हे मला सांगायचा तिचा विचार नव्हता, पण तिला राहवलं नाही. गेले तीन आठवडे तू वहीत सगळं टिपून ठेवतोस म्हणे. दुधाची पिशवी आणली, लिहिलं. गॅस बंद केला, लिहिलं. तिला दिवसातून चारदा वार विचारतोस. परवा स्वतःहून डॉक्टरांकडे गेलास आणि त्यांना सांगितलंस, मला न घडलेल्या गोष्टी आठवायला लागल्यात. चिमटे, कानशी, ब्रश सगळं एका डब्यात घालून डबा माळ्यावर टाकलास. ती विचारत होती, भाऊजी, तुम्हाला बोलताना काही जाणवलं का हो? मी म्हणालो, नाही, मला तर ते नेहमीसारखेच वाटले. तेवढं एक खरं बोललो, पण तेही अर्धंच.

आता पूर्ण सांगतो. ती दुपार होती आणि दुसऱ्या दिवशी शाळेत पाठांतराची स्पर्धा होती. चोवीस ओळींची नदीची कविता. मला ती सायकलवर पाठ व्हायची. पायडल फिरलं की ओळ फिरायची. मी डोळे मिटून गल्लीत शिरलो. सतराव्या ओळीला अडखळलो आणि हँडल बाबांच्या टॅक्सीच्या दारात घुसलं. पत्रा आत गेला, दार चौकटीत तिरकं झालं. तू गाडीच्या पलीकडे बादली आणि ओलं फडकं घेऊन पुढची काच पुसत होतास. मी सायकल उचलली आणि मागच्या वाटेने घरात येऊन पुस्तक उघडून बसलो. बाबा बाहेर आले. गाडीजवळ तूच होतास. त्यांनी विचारलं, हे कुणी केलं? तू काही बोलला नाहीस. आठ वर्षांचा होतास, बाबांचा आवाज चढला की तुला बोलता यायचंच नाही. त्यांनी तुझं गप्प राहणं कबुली धरलं. मी खिडकीच्या आत होतो, तेरा वर्षांचा, चांगला तोंडात जीभ असलेला. त्या दिवसापासून तुझं पुढच्या सीटवर बसणं बंद झालं. वर्षभराने बाबांनी टॅक्सी विकली, म्हणजे ते कायमचंच बंद झालं. आणि दुसऱ्या दिवशी मी स्पर्धेत पहिला आलो. सतरावी ओळ खणखणीत म्हटली.

तू तेव्हा मला पाहिलं होतंस की नाही, हे मी साठ वर्षांत विचारलं नाही. भीती वाटत होती की तू हो म्हणशील. खोक्यातून तो पोचा निघाला तेव्हा वाटलं, तू हो म्हणालास. आता वाटतं, कदाचित तुला काहीच म्हणायचं नसेल. गाडीला पोचा होता, म्हणून तू पोचा केलास. आईचं ठिगळ जसं तिरकं केलंस, तसाच. माझ्या मनातलं मात्र मी तुझ्या दारात भरलं.

हे पत्र माफीसाठी नाही. माफी मागायचा हक्क त्या दुपारीच सायकलवरून पडला. लिहितोय ते एवढ्यासाठी की तुझं डोकं शाबूत आहे. पोचा होता. मागच्या डाव्या दारावर, कडीच्या चार बोटं खाली, लांबट, वरच्या अंगाला जास्त खोल. तुला आठवतं ते अगदी बरोबर आहे, खोटं मी बोललो. ही पानं डॉक्टरांना दाखव, बायकोला दाखव. ती वही बंद कर आणि माळ्यावरचा डबा खाली काढ. काल दुपारपासून मी दारावरचा रंग आणि लांबी खरवडतोय. निम्मी निघाली आहे. उरलेली काढताना प्लास्टिक फाटेल की काय असं वाटतं, म्हणून थांबलोय. फोनवर हे बोललो असतो, पण फोनवर मी पुन्हा खोटं बोलेन, याची मला खात्री आहे.

तुझा, आणि त्या सायकलवरचा,
दादा

ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात खाली गाडी थांबली. तुझी वहिनी गॅलरीतून म्हणाली, "अहो, भाऊजी आलेत. एकटेच." मला खरं वाटेना. हात कापायला लागल्यापासून, गेली दोन वर्षं, तू सोबतीशिवाय लांबचा प्रवास केला नाहीस. वाकून पाहिलं तर तूच, वही काखेत धरून दारावरचे नंबर वाचत होतास. आता जिन्यात तुझी पावलं वाजतायत, एकेक पायरीवर थांबून. टेबलावर गाडी तशीच आहे, दार खरवडलेलं, सगळीकडे काळा भुगा. माझा हात सवयीने फडक्याकडे गेला होता, झाकायला. मागे घेतला. बेल वाजली. दार मीच उघडतो, असं तिला सांगितलंय.