पान म्हणजे धनी, पान म्हणजे पाव

आई, आज तुझ्यावर रागावूनच लिहायला बसले आहे. वळ गावच्या गोदामांतली भिजलेली पुस्तकं रद्दीत येतात, त्यातलं एक मी घेतलं, युरोपातल्या शब्दांचं. त्यात एक एवढासा शब्द आहे, पान. आपलं केळीचं पान नव्हे. पोलंडात पान म्हणजे धनी, साहेब. स्पेनमध्ये पान म्हणजे पाव. आपला पावही त्याच घराण्यातला, पोर्तुगीजांबरोबर आलेला. इंग्रजांचा पॅन म्हणजे तळायचं भांडं. मला वाटलं, असणारच एका मुळाचे. धनी, त्याची भाकरी, बाईचं भांडं. तूच तर असं शिकवलंस. पण पुस्तक म्हणतं, नाही. पावाचा शब्द लॅटिनमधला. धन्याचा स्लाव लोकांचा, मुलखाच्या मुख्याला म्हणायचे तो. भांड्याचा तिसरीकडचाच. कानाला सारखे लागतात, एवढंच. वाचून माझं डोकं तापलं.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तू अंबाडीहून आली होतीस. हे लूमवरून शिफ्ट संपवून आले, केसांत कापसाचे तंतू तसेच. मी यांना वाढते आहे आणि हे माझंही ताट शेजारी मांडतात. "आई, तुमची लेक काय हॉटेलातली वेटर आहे? बसू द्या की." तू हसतेस. "जावयबापू, तुमी जेवा. बायामान्सांचं होतंय मागून." माझ्यासमोरचं ताट उचलतेस आणि आत नेऊन मला दंडाला चिमटा काढतेस. "धनी जेवल्याबिगर घास गिळतेस? लाज न्हाय तुला?"

त्यानंतर हे कितीदा म्हणाले, "बस गं, कालवण काय पळून जातंय?" मी बसले नाही. यांचं झालं की मग भिंतीकडे तोंड करून मी. यांना जाऊन चार वर्षं झाली. अख्ख्या संसारात आम्ही दोघं एकदाही एकत्र जेवलो नाही. कुणी जोडलं धन्याला आणि माझ्या भुकेला? तू जोडलंस. तुझ्या आईने तुला तसंच सांगितलं असेल, ठाऊक आहे मला. पण आज मला समजूतदार व्हायचं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. तू गेल्यावर हे आणखी नऊ वर्षं होते. घरात आम्ही दोघंच. ताट उचलायला कोणी नव्हतं. तरी हे म्हणायचे, बस, आणि मी म्हणायचे, तुम्ही जेवा आधी.