नकट्याला वास लागला

सोमवार
पोचले बाई तारनाक्याला! नामपल्ली स्टेशनावर माझी नात गौरी न्यायला आली होती. चौथी शिकलेल्या आज्जीला तिनं ही वही दिली, बसल्या बसल्या लिही म्हणाली. घर उंचावर, गॅलरीत वारं कसं भुरूभुरू. पण खरी गंमत पुढंच. गौरी वास हुडकणारं यंत्र बनवते! पाटाएवढं, खाली चाकं, पुढं झुरळासारख्या दोन मिशा. नाक नाही, म्हणून मी नाव ठेवलं नकट्या. एखादा वास दिला की वारा जिकडून येतो तिकडं निघतो. वास हरवला की डावीउजवीकडं नागमोडी फिरतो, सापडला की सरळ. मुळाशी पोचला की लाल दिवा. मी लपवलेली हिंगाची डबी तांदळाच्या पिंपामागून हुडकली मेल्यानं!

बुधवार
आज ह्यांचं श्राद्ध. गॅलरीत पान वाढलं, खीर, वडे, गवारीची भाजी. कावळा येईना, नुसती कबुतरं. म्हणजे इच्छा राहिली. राहणारच! माणूस एकटा कुठं जायचा नाही. तपकीर आणायला जायचं तरी लहानग्या गौरीला सोबत न्यायचे. शेवटच्या दिवशीही, सोबत कोण येतंय, हेच विचारत होते.
मग मला सुचलं. ह्यांचा तपकिरीचा रुमाल मी कधी धुतला नाही. गौरी कामावर गेलेली. नकट्याला रुमाल हुंगवला आणि डब्यात घट्ट बंद केला. नकट्या तडक गॅलरीत, पानासमोर लाल! रडूच आलं आनंदानं. आले होते!

गुरुवार
आज नकट्या गॅलरीत गेलाच नाही. आतल्या खुर्चीपाशी लाल. खुर्ची रिकामी, पण तपकिरीचा वास. गौरीला सांगितलं तर हसली. म्हणाली, आज्जी, भूतबीत कुछ नक्को, त्याला फक्त वास कळतो; वास आहे म्हणजे मूळ असणारच.
तेच तर म्हणते मी.

शनिवार
गौरीला ताप. सारख्या शिंका. नकट्या तिच्या पलंगापाशी लाल. चादर बदलली. तिला न्हाऊ घातलं. पुन्हा लाल. तिच्या केसांना ह्यांचा वास —

रविवार
डॉक्टरला काही कळेना. गौरी तापात बडबडते. थांबा आबा, चप्पल घालते. लहानपणी ह्यांच्याबरोबर निघताना म्हणायची, तस्संच.
मीच वास दाखवून घरात घेतलं. मीच —

सोमवार
रुमाल पदराला बांधलाय. पंखा पाठीशी लावलाय, वारा माझ्याकडून तिच्याकडं. अहो, पोरीला सोडा. सोबत हवी ना, मी येते.
नकट्या तिच्यापाशीच. लाल.
हलला. दिवा विझला. डावीकडं — उजवीकडं —
गौरीला घाम फुटलाय. पाणी मागते. ताप उतरतोय, देवा —
नकट्या माझ्याकडं येतोय. पायाशी आला. थांबला नाही. रुमालापाशी थांबायला हवा होता. मागं गेला.
माझ्या खुर्चीमागं लाल.
पंखा बंद पडला, तरी मानेवर वारं —
अहो, येते म्हटलं ना. थांबा. चप्पल तरी घा