रॅन्डलच्या शर्टाची शेपटी

मी, व्हर्डी पॉवेल ब्रिट, दिवंगत एल्विन ब्रिट यांची पत्नी, वय वर्षे एक्क्याऐंशी, राहणार ब्रिट्स क्रॉसिंग, साउथसाइड, व्हर्जिनिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून लिहीत आहे. डॉक्टरांच्या मते माझे हृदय फार दिवस साथ देणार नाही. डोके मात्र ठिकाणावर आहे. कोणाला शंका असल्यास त्याने माझ्याशी एक डाव पत्ते खेळून पाहावे. यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम एक. राहते घर, मागची भुईमुगाची जमीन आणि धुरीघर हे सर्व माझ्या बहिणीची मुलगी रोंडा हिला मिळावे. धुरीघरात धुरावर टांगलेली डुकराची हॅम नाताळच्या आत उतरवू नयेत, अजून मुरायची आहेत. शिकारीच्या रश्श्याचे मोठे लोखंडी भांडे माझी जाऊ थेल्मा घेऊन गेली ती गेलीच. ते तिच्याकडेच राहू द्यावे. मात्र "व्हर्डीने प्रेमाने दिलं" असे तिने गावभर सांगत फिरू नये.

कलम दोन. बँकेतली शिल्लक आमच्या चर्चच्या स्वयंपाकघराला द्यावी. कोणाच्या घरी माणूस गेले की त्या घरी पहिल्या दिवशी जेवण पोचवायचे, एवढ्याच कामासाठी ती वापरावी. माझा मुलगा गेला तेव्हा बायकांनी एवढे अन्न आणले की ओट्यावर जागा उरली नव्हती. मला घास गिळवला नाही, पण घर रिकामे वाटले नाही. ते मी विसरलेले नाही.

कलम तीन. काडतुसे भरण्याचे हातयंत्र, तराजू आणि शिशाचे साचे आमच्या शिकारी क्लबाला द्यावेत, म्हणजे नवीन पोरे शिकतील. आमच्याकडची जमीन सपाट, जंगल दाट. रायफलची गोळी कुठल्या कुठे जाते, म्हणून हरणाला इथे दुनळी बंदूक आणि बकशॉट. एका काडतुसात मटाराएवढे नऊ छर्रे. बकशॉट ही जवळून मारायची चीज आहे. चाळीस पावलांच्या पलीकडे बार टाकणारा शिकारी नव्हे, हावरट. छर्रे एकमेकांवर दाबून चेपले की वेडेवाकडे उडतात, म्हणून मी त्यांच्या फटींत मक्याचे बारीक पीठ भरत असे. दलदलीत बार ओला होऊ नये म्हणून बुडाला ठिणगी पडते त्या टोपीभोवती माझ्या लाल नेलपॉलिशचे कडे काढत असे. एल्विन जुन्या चादरी ताणून त्यांवर बार टाकी आणि मी भोके बघत असे. माझे नऊच्या नऊ छर्रे पाटावर मावतील एवढ्या जागेत बसत. हात नीट असेल तर छर्रा भरकटत नाही, हे पोरांना सांगावे.

कलम चार. होर्टन ड्रेक याला माझ्या मिळकतीतला एक खिळासुद्धा मिळू नये. त्याने माझ्या दफनाला येऊ नये. आलाच तर रोंडाने त्याला फाटकातून परत पाठवावे.

कारण लिहून ठेवते. होर्टन हा एल्विनचा लहानपणापासूनचा मित्र. आमच्या रॅन्डलला पोहायला त्यानेच शिकवले. दर हंगामाला माझ्या काडतुसांचा एक डबा त्याच्या घरी जात असे. त्या दिवशी कुत्र्यांनी दलदलीतून हरणाचा नर उठवला. माणसे जुन्या लाकूडगाडीच्या रस्त्याने आपापला नाका धरून उभी होती. शिकार संपल्याचे शिंग वाजेपर्यंत नाका सोडायचा नाही, हा आमचा पहिला नियम. रॅन्डलचे कुत्र्याचे पिल्लू काटेरी तारेत अडकून केकाटायला लागले आणि तो नाका सोडून रस्त्यापलीकडच्या झुडपात शिरला. होर्टनने नर रस्ता ओलांडून गेल्यावरच, रस्त्यावरच्या कोणाला लागू नये या नियमाने, बार टाकला. आठ छर्रे हरणाला लागले. एक माझ्या मुलाला लागला. तो एकोणीस वर्षांचा होता.

शेरीफने विचारले तेव्हा होर्टन म्हणाला, "दुकानातलं काडतूस होतं. स्वस्तातलं."

दफनाच्या दिवशी सगळ्या गावासमोर मी त्याला म्हणाले, "माझा डबा घरात असताना तू दुकानातलं कचरा काडतूस भरलंस? माझं असतं तर छर्रा भरकटला नसता. माझं पोरगं आज जिवंत असतं!" तो खाली मान घालून उभा राहिला. त्यानंतर मी त्याच्याशी बोलले नाही. एल्विन मात्र मरेपर्यंत दर रविवारी त्याच्या ओसरीवर जाऊन बसत असे. "मुलाच्या जिवावर उठलेल्याबरोबर कॉफी पितोस, लाज नाही वाटत?" असे मी कितीदा तरी विचारले. एल्विन टोपी उचलून निघून जाई.

कलम पाच. आमच्याकडे ज्याचा नेम चुकतो त्याच्या शर्टाची मागची शेपटी कापून, नाव घालून क्लबाच्या भिंतीवर ठोकतात. रॅन्डलचा पहिलाच नेम चुकला होता. लाल-काळ्या चौकड्यांचा शर्ट मी नवीन शिवला होता, त्याची शेपटी कापून घेऊन रॅन्डल हसत घरी आला. "आई, तू शिवलेला कपडा भिंतीवर लागला. आता सगळे बघणार!" मी चिडले होते. तो शर्ट माझ्या कपाटात आहे. क्लबाचे घर आता पाडणार आहेत. रोंडाने भिंतीवरून तो तुकडा काढून आणावा, शर्टाला परत शिवावा, आणि तो शर्ट माझ्या छातीवर ठेवून मला पुरावे.

इथवर रविवारी लिहून झाले. पुढचे शनिवारी लिहीत आहे.

रोंडा म्हणाली, "मावशी, मेल्यावर कशाला? आत्ताच आणते ना." आणि घेऊन आली. तुकडा विरला आहे, पण शाईतले नाव वाचता येते. त्याबरोबर तिने एक वापरलेले काडतूसही टेबलावर ठेवले. "हे त्याच्या मागच्या फटीत कोंबलेलं होतं. पडलं माझ्या पायावर. टाकून देऊ?"

मी ते उलटे केले. बुडाला लाल कडे होते.

मी रोंडालाच होर्टनला बोलवायला पाठवले. तो दारात टोपी हातात धरून उभा राहिला.

"आत ये. माश्या येतायत."

"किती वर्षांनी म्हणतेस हे."

"वर्षं मोजायला नाही बोलावलं तुला. हे काय आहे?"

काडतूस बघून तो न सांगताच खुर्चीवर बसला. "असेल कुणाचं तरी. दुकानातलं."

"होर्टन, दुकानवाले नेलपॉलिश लावतात का?"

त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "माझ्या बंदुकीतून ते एल्विनने काढलं. पोरगा तिथेच पडला होता. माझ्या खिशात कोंबलं आणि म्हणाला, 'पोरगा गेला. आता तिलाही घालवू नकोस.' फेकवेना मला ते. घरी ठेवलं तर बायको बघेल. रॅन्डलच्या तुकड्याला कुणी हात लावणार नाही, म्हणून तिथं ठेवलं."

"आणि मी सगळ्या गावासमोर तुला..."

"शिव्या तशाही मलाच पडायच्या होत्या, व्हर्डी. घोडा मी ओढला. काडतूस कुणी भरलं त्याचं काय?"

"तुझी बायको गेली तेव्हा मी आले नाही."

"केक पाठवला होतास."

"तो रोंडाने पाठवला होता."

"माहीत होतं मला. तुझा समजून खाल्ला."

मी रडले. तोही रडला. दोन म्हातारी माणसे स्वयंपाकघरात बसून एका पोरासाठी रडली. हे तेव्हाच एकत्र रडायला हवे होते. एल्विन, तू दर रविवारी त्याच्याकडे का जात होतास ते मला आज कळले, आणि तुला सांगायला तू नाहीस.

सबब खालीलप्रमाणे दुरुस्ती करीत आहे.

कलम चार पूर्णपणे रद्द. होर्टनने माझ्या दफनाला यावे आणि घरच्या माणसांत, पुढे बसावे.

कलम तीन रद्द. हातयंत्र, तराजू आणि साचे कोणालाही देऊ नयेत, फोडून भंगारात घालावेत. मी पोरांसाठी लिहिलेले वाक्य खोटे आहे. हात कितीही नीट असला तरी एखादा छर्रा भरकटतो. मी मन लावून भरले होते. त्या डब्यातले एकेक काडतूस मी मन लावून भरले होते.

एल्विनची दुनळी मी होर्टनला देऊ केली. "त्या दिवसानंतर मी बंदूक हातात धरलेली नाही," तो म्हणाला. मग मागच्या जमिनीतला एक तुकडा देऊ केला. वकिलांनी सांगितले होते की ज्याला मिळकतीतून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, ते मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "मग मला काही देऊ नकोस. सही करू दे." म्हणून त्याला काही दिलेले नाही. दुनळी शेरीफच्या कचेरीत जमा करावी.

कलम पाच कायम. त्यात एवढी भर घालते. शर्ट मी स्वतःच शिवून ठेवला आहे, टाके वाकडे आले आहेत, ते कोणी उसवू नयेत. त्याच्या खिशात ते काडतूस आहे. ते माझ्याबरोबर पुरावे. होर्टनने ते पुष्कळ सांभाळले. आता ते माझे मला द्यावे.

हे सर्व मी वाचून पाहिले, मला मान्य आहे, म्हणून दोघांच्या समक्ष सही करीत आहे.

व्हर्डी पॉवेल ब्रिट

साक्षीदार:
१. ल्यूथर हॉबसन, पास्टर
२. होर्टन ड्रेक, रॅन्डलला पोहायला शिकवणारा (असेच लिहावे असे मी त्याला सांगितले. — व्ह. ब्रि.)

ठिकाण: ब्रिट्स क्रॉसिंग
दिनांक: १२ नोव्हेंबर २०१६, हंगामाचा पहिला दिवस. दलदलीकडून कुत्र्यांचा आवाज येतो आहे. शिंग अजून वाजलेले नाही.