आरतीच्या बाटलीतलं पाणी

६ जाने., सोम.
चौथीला ‘झाडाला काय लागतं?’ सुरू केलं. पुस्तक बंद. चहाचे पेले, मैदानातली माती, मूग. एक पेला अंधारात कपाटात, एक कोरडा. बाकीचे खिडकीत, ज्याच्या त्याच्या नावाचे. शाळेच्या नळाला फक्त सकाळी पाणी, म्हणून घरून आणलेल्या बाटलीतलं घालायचं. चिखल, आरडाओरडा. मजा आली.

१० जाने., शुक्र.
खिडकीतले उगवले. कपाटातलेही, पिवळे, लांब मानेचे. "बाई, ऊन नाही तरी कसं आलं?" बघत राहा म्हटलं. फक्त आरतीच्या पेल्यात काही नाही. दिवाळीनंतर खानदेशातून आलेली, कमी बोलणारी मुलगी. तुषार म्हणाला, "हिचा हातच वाईट." वर्ग हसला. मी रागावले, पण तिने पेला दप्तरामागे लपवला तो लपवलाच.

१३ जाने., सोम.
उकरून पाहिलं. मूग काळे, मऊ. पाणी जास्त झालं? "नाही बाई, सगळ्यांइतकंच." मग दोन नवे पेले. माती तीच, मूग तेच. एकात माझ्या घरच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात तिच्या बाटलीतलं. घालणार दोन्हीकडे मीच. "फरक कशाचा?" "पाण्याचा!" उद्या उतराणची, म्हणजे संक्रांतीची सुट्टी, पेले आणि तिची बाटली घरी आणली.

१७ जाने., शुक्र.
माझ्या पाण्याचे वर आले. तिच्या पाण्याचे नाहीत. वर्गाला दाखवलं. आरती पहिल्यांदाच हसली. "म्हणजे माझा हात चांगलाय ना, बाई?" हो म्हटलं. टाळ्या झाल्या. मग सहज म्हणाली, "आम्ही हेच पितो. माझ्या बारक्या भावाचं पोट सारखं दुखतं."
पुढच्या तासाला काय शिकवलं, आठवत नाही.

२० जाने., सोम.
पांडेसऱ्यात, गिरण्यांच्या वस्तीत, तिच्या खोलीवर गेले. सगळ्या चाळीला एकच बोअर. पाणी दिसायला स्वच्छ, जिभेला खारट-तुरट. वडील कापड रंगवायच्या डाईंग मिलमधून पाळी करून आलेले. मालकाशी बोलू का, विचारलं.
"नको बाई. तो खोली खाली कराले सांगी. मंग आम्ही कोठे जावानं?"
त्यांचं चुकतंय असं म्हणवेना. आणि माझ्याकडे तरी काय आहे? न उगवलेले मूग. नुसतं मीठ असेल, आणखी काही असेल. मला माहीत नाही. वर्गात हे म्हणायला किती सोपं जातं...

२३ जाने., गुरु.
त्यांच्या बोअरचं पाणी तपासायला दिलं. माझ्या नावावर, चाळीचं नाव न सांगता. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, आपलं काम शिकवायचं." रिपोर्टला वेळ लागेल. तोवर आरती सकाळी लवकर येऊन शाळेच्या नळावर बाटल्या भरते. बारक्याची वेगळी.
आज फळ्यावर उत्तर लिहीत होते. माती, हवा, ऊन, पाणी. आरतीचं बोट वर.
"बाई, कसलं पाणी ते पण लिहा ना."
‘पाणी’ पुसलं. आधी एका शब्दाची जागा सोडून परत लिहिलं.