सर्व भागधारक हजर होते

हारो, इलोइलो
१३ जानेवारी १९९७

चि. एलिसेओ यास मनांग कारिदादचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. इकडे सर्व खुशाल. तुझी खुशाली मात्र दोन महिने कळलेली नाही. जेद्दाच्या हॉटेलात रोज हजार पाव भाजतोस, पण थोरल्या बहिणीला चार ओळी लिहायच्या म्हटलं की तुझी भट्टी विझते.

काल रविवारी आपल्या पुरिता बेकरीची वार्षिक सभा झाली. झाली म्हणजे काय, आपला थोरला भाऊ, मनोंग तेओ आणि मी पुढच्या खोलीत बसलो, शेवयांचं गरम बाचॉय खाल्लं, आणि मी कंपनीची चिटणीस या नात्याने वहीत दरवर्षीचं वाक्य लिहिलं, की सर्व भागधारक हजर होते. अकरा वर्षं तू वाळवंटात आहेस आणि अकरा वर्षं तू इथे हजर आहेस. आपल्या आईचा, नानायचा नियम होता ना तो. परदेशी गेलेल्या लेकराच्या नावापुढे गैरहजर लिहायचं नाही, ते अशुभ, म्हणायची. ती गेली तरी माझा हात ते लिहायला धजत नाही.

यंदा एक ठराव जास्तीचा होता. वकिलाने मसुदा करून दिला होता. त्याचं सविस्तर पुढच्या पत्रात लिहीन. माझा दमा बरा आहे. जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी वाट पाहणारी,
मनांग कारिदाद


जेद्दा
८ फेब्रुवारी १९९७

ती. मनांग कारिदादला एलिसेओचा शि. सा. न.

वि. वि. तुझं पत्र पोचलं. मागोमाग शेजारच्या नेनेंगचंही आलं. तिने लिहिलंय की बेकरीच्या जागेची मोजणी झाली, आणि तिथे मोठं दुकानसंकुल उभं राहणार म्हणून गावभर बोलबाला आहे. मी तिला उलट टपाली कळवलं की तुझ्या जिभेला हाड नाही. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. जास्तीचा ठराव कसला होता, मनांग?

मी कायदा शिकलेलो नाही, पण आपल्या वडिलांनी, तातायने कंपनी काढली तेव्हा तूच मला समजावलं होतंस. शंभर भाग. चाळीस मनोंगचे, पंचवीस तुझे, पस्तीस माझे. जागा आणि भट्ट्या, म्हणजे कंपनीचं सगळं किडूकमिडूक विकायचं तर सर्वांना लेखी नोटीस द्यायची, सभा घ्यायची आणि शंभरातले सदुसष्ट भाग बाजूने पडले पाहिजेत. तुम्ही दोघं मिळून पासष्ट होता. माझ्या होकाराशिवाय एक वीटही विकता येत नाही. मला ना नोटीस आली ना फोन.

जूनमध्ये माझं कंत्राट संपतंय. परतीचं तिकीट काढून ठेवलंय. ही अकरा वर्षं मी इथे कशासाठी काढली ते तुला ठाऊक आहे. तातायच्या भट्टीपुढे उभं राहायचं, एवढंच मला हवं होतं. नेनेंग खोटं बोलते असं एका ओळीत कळव, म्हणजे मी झोपेन.

तुझा,
एलिसेओ


हारो, इलोइलो
३ मार्च १९९७

चि. एलिसेओ यास आशीर्वाद. द्यायचा अधिकार उरलाय की नाही, कोण जाणे.

नेनेंग खोटं बोलत नाही. खोटं मी लिहिलं. त्या दिवशीच्या ठरावात जागा विकायची मंजुरी होती, आणि खाली मी लिहिलं की सर्व भागधारक हजर होते व ठराव एकमताने संमत झाला. एवढ्यावर थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी मनोंग मला नोटरीकडे घेऊन गेला आणि हे इतिवृत्त खरं आहे, अशी मी शपथेवर सही केली. त्या एका कागदावर खरेदीखत झालं.

मी कचरले होते रे. मनोंगला म्हटलं, की एलिसेओला विचारल्याशिवाय हे लिहिणार नाही. तो चिडला नाही, उलट हसला. म्हणाला, की अकरा वर्षं त्याला न विचारता हजर लिहितेस, तेव्हा तुझं सत्य कुठे पेंड खात होतं? हे खोटं असेल तर मागची अकराही खोटी, आणि त्या प्रत्येकावर तुझीच सही आहे. मी वही पुढे ओढली. ते शब्द मी मायेने लिहीत आले, पण कायद्याच्या कागदावर मायेला काही किंमत नसते हे मला साठाव्या वर्षी कळलं. मनोंगला दोष देऊन मी सुटणार नाही. तो थकलाय, त्याची मुलं मनिलाहून यायची नाहीत, त्याला हे सगळं एकदाचं आवरायचं होतं. आणि लेखणी माझ्या हातात होती.

मी गुपचूप दुसऱ्या वकिलाकडे जाऊन आले. ते म्हणाले, की विक्री अजून मोडता येईल. तुझ्या पासपोर्टवरून सिद्ध होतं की बारा जानेवारीला तू देशात नव्हतास. तू फिर्याद केलीस की ठराव पडला. मग चिटणिसाने खोटी शपथ घेतली हे आपोआप शाबीत होईल आणि मला तुरुंगात जावं लागेल, हेही त्यांनी सांगितलं. दुसरी वाट एकच. तू मागाहून लेखी संमती दिलीस तर विक्रीही पक्की आणि मीही सुटले. त्या संमतीपत्राचा कोरा नमुना त्यांनी बळेच माझ्या हाती दिला. तुझ्यापासून आता काहीच लपवायचं नाही म्हणून तो सोबत ठेवतेय. त्यावर सही करू नकोस. फिर्याद कर. मी मागे हटणार नाही. तुझी भट्टी तुला मिळू दे, माझं काय, पिकलं पान.

तुझी अपराधी,
कारिदाद


जेद्दा
१ एप्रिल १९९७

ती. मनांगला एलिसेओचा शि. सा. न.

पत्र मिळून आठ दिवस झाले. पहिले तीन दिवस मी फिर्याद करणारच होतो. पासपोर्टच्या पानांच्या प्रतीही काढल्या. तुला वाटेल मी दयाळू आहे, म्हणून लिहितो. तीन दिवस मी तुला तुरुंगात धाडायला तयार होतो. दम्याची आठवण होऊनही तयार होतो. आपलेच दात आणि आपलेच ओठ, हे इतकी वर्षं नुसतं ऐकत आलो, आता तोंडात रक्ताची चव आहे.

चौथ्या दिवशी वकिलातीत गेलो. तिथल्या बाईंनी नमुना मोठ्याने वाचला. सभेच्या नोटिशीबद्दल माझी तक्रार नाही आणि माझे पस्तीस भाग ठरावाच्या बाजूने धरावेत, असं त्यात आहे. हे राजीखुशीने करता ना, असं त्यांनी कायद्याप्रमाणे विचारलं. मी हात वर करून हो म्हणालो. तर आता शपथेवर खोटं बोललेले आपण घरात दोघं झालो. सहीशिक्क्याचा कागद सोबत आहे. वकिलाला दे आणि पोच घे.

माझ्या वाट्याचे पैसे मनोंगने बँकेत टाकावेत, मला त्याचा हिशेब नको. भट्टीची लोखंडी दारं भंगारात देऊ नका, कुणा पाववाल्याला फुकट द्या.

जूनचं तिकीट परत केलं. कंत्राट आणखी तीन वर्षांचं घेतलं. परत यायला अजून घर आहे, पण सकाळी उठून जायला जागा नाही, आणि तुझ्यासमोर बसून जेवताना मी काय बोलू ते मला सुचत नाही.

औषध वेळेवर घे. लोभ आहे, तो काढून टाकता येत नाही. पत्र मात्र मी लिहीपर्यंत पाठवू नकोस.

तुझा धाकटा,
एलिसेओ