जंगलाच्या पडद्याखालची ओळ

गोंदिया, जि. भंडारा
दि. २८ ऑक्टोबर १९५५

तीर्थस्वरूप बकारामदादाले केवळरामचा नमस्कार.

आधी खुशाली लिहावी, भांडण मागून, असं माय सांगत जाय. म्हणून आधी खुशाली. मी बरा आहे, रुख्मा बरी आहे. लेकीचा खोकला गेला. यंदा दुकानाचे पत्रे गळले, रंगवून ठेवलेल्या दोन पाट्या खराब झाल्या, बाकी ठीक. तुझ्या बांधीतलं धान कापणीले आलं का, वहिनीचा गुडघा अजून दुखते का, कळवजो.

झाली खुशाली.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत गावात नाटक आहे, त्याले दरबाराचा नवा पडदा पाहिजे, आणि पडद्याखाली 'पेंटर केवळराम' एवढंच लिहिजो, असं तू लिहिलंस. नब्बू मियाँचं नाव नको, 'उस्ताद' तर नकोच, कारण तो शब्द आपला नव्हे. आणि नाव टाकलं तर पडदा चढणार नाही, मी पण घरी येऊ नये. पत्र दोनदा वाचलं. मंग रुख्माले वाचून दाखवलं. ती म्हणे, "भासरे रागात लिहितात. तुमी मनावर घेऊ नका."

मी मनावर घेतलं आहे.

दादा, पंधरा वर्षांचा होतो तेव्हा तूच मले नब्बू मियाँच्या पडदे-पाट्या रंगवायच्या दुकानात आणून सोडलंस. नांगरामागं हा काही कामाचा नाही, दिवसभर कोळशानं भिंतीवर बैल काढून राहते, घ्या याले, असं तूच म्हणालास. त्याइनं घेतलं. पहिलं सालभर ब्रश हातात दिला नाही, नुसता रंग धरून ठेवणारा सरेस शिजवून घेतला. सरेस कमी पडला की रंग भुकटी होऊन उडते. जास्त झाला की पडदा बांबूवर गुंडाळताना तडकते. तेवढं एक शिकायले मले सालभर लागलं. दोन टाइम जेवण त्याइच्या घरचं. माझ्यासाठी वेगळं भांडं, वेगळी चूल ठेवली होती त्याइनं, तुले वाईट वाटू नये म्हणून. ते भांडं मी तिसऱ्या महिन्यात फेकलं, हे तुले आज पहिल्यांदा सांगून राहिलो.

आता शब्दाचं. गोंदिया जंक्शन आहे, इथं माणूस दुकानात बसल्या बसल्या अर्धी दुनिया पाहते. लोकोशेडमधला बंगाली फिटर आपल्या हेडले 'ओस्ताद' म्हणते. रेल्वेचे तेलगू गँगवाले पैलवानाले 'वस्तादू' म्हणतात. आपल्या गावचा बिसराम पलटणीत होता, त्याले विचारजो. मिसर देशात कॉलेजच्या मास्तरले अन् वकिलाले 'उस्ताज' म्हणतात, मलायात मुलांना नमाज शिकवणाऱ्याले तेच म्हणतात, असं तो सांगते. तुझ्या सडक अर्जुनीच्या ढाब्यावर पंजाबी ड्रायव्हर थांबते ना, त्याचं घर लाहोरले जळलं, भाऊ मेला. त्याचा क्लीनर त्याले दिवसभर उस्ताद म्हणून हाका मारते अन् तो 'हाँ' म्हणते. त्याले तो शब्द परका वाटत नाही. मंग तुले काऊन वाटते?

मागच्या उन्हाळ्यात चाकू-चष्मे विकणारा एक इराणी दुकानात टेकला होता. म्हणे, आमच्याकडे गवंडी उस्ता, सुतार उस्ता, हा तर आमचा शब्द, तुमच्याकडे कसा आला? नब्बू मियाँ बिडी ओढून राहिले होते. म्हणाले, "पैदल आया होगा, जैसे हम आए." त्याइचा आजा दुष्काळात जबलपूरकडून पायी आला होता.

आणि तुझं काय? आखाड्यात तुले सारं गाव काय म्हणते? बकाराम वस्ताद. तुले लंगोट बांधायले शिकवलं त्या यादोरावले काय म्हणत होते? यादोराव वस्ताद. त्याचं नाव निघालं की आजही तुझा हात कानाच्या पाळीले जाते, मी पाहिलं आहे. जो उस्ताद तोच वस्ताद. आपण खेड्यातल्या लोकांनी त्याले आपल्या तोंडाचा केला एवढंच. उचलली जीभ, लावली टाळ्याले, तसं लिहिलंस तू. शब्द आपला नसेल तर उद्या सकाळी आखाड्यात उभा राहून सांग, मले आजपासून नुसतं बकाराम म्हणत जा. सांगशील? नाही सांगत तू. मी ओळखतो तुले.

आपल्या तलावाची पाळ आपल्या पणज्यानं बांधली. दर साली पहिलं पाणी सोडताना तू पाळीवर नारळ फोडतोस अन् त्याचं नाव घेतोस. उद्या कोणी म्हणलं, पाणी राहू द्या, नाव मिटवा, तर त्याले तू पाळीवरून खाली ढकलशील.

इथपर्यंत लिहून मी दोन दिवस कागद तसाच ठेवला होता. पुढचं लिहायचं नव्हतं. पण ते नाही लिहिलं तर वरचं सारं फुकटचं तोंड चालवणं आहे.

अठ्ठेचाळीसची मंडई आठव. जंगलाचा पडदा मी पहिल्यांदा एकट्यानं रंगवला होता. मोहाची झाडं, मागं आपला तलाव, पुढं गवत. खाली गवतात पिवळ्या रंगात ओळ लिहिली होती, 'उस्ताद नब्बू मियाँ यांचा शागीर्द केवळराम, गोंदिया'. हैदराबादची लढाई होऊन दोन महिने झाले होते, जो तो तापलेला होता. तू पडदा न्यायले आलास, ओळ वाचलीस, अन् म्हणालास, "हे मिटव. नाहीतर गावात हा पडदा चढत नाही." उस्ताद तुझ्यापासून दोन हातांवर बसले होते. तू त्याइच्याकडे पाहिलं नाहीस. चहा प्यायले ठेसनाकडे निघून गेलास.

आजपर्यंत तू गावात सांगतोस की केवळराम समजदार, एका शब्दात ऐकलं, म्हाताऱ्यालेही काही वाटलं नाही. तू चहा पिऊन राहिला होतास दादा. तिथं काय झालं ते तुले माहीत नाही.

एका शब्दात ऐकलं, हे खरं आहे. माझं लगन ठरलं होतं. तू वऱ्हाडात आला नसतास तर रुख्माच्या बापानं पोरगी दिली नसती. मी भ्यालो. वाटी घेतली अन् हिरवा रंग कालवायले बसलो. नीळ जास्त पडली, हिरवा निळ्याकडे गेला. उस्ताद उठले अन् त्याइनं माझ्या हातून वाटी घेतली. म्हणाले, "ऐसे नहीं, बेटा. पट्टा दिख जाएगा. काम खराब होगा."

आणि स्वतःचं नाव झाकायचा रंग त्याइनं स्वतः बनवला. पिवडी, नीळ, चिमूटभर काजळ. तीनदा कपड्याच्या चिंधीवर लावून पाहिला, गवताशी जुळते का म्हणून. मी मनातल्या मनात म्हणून राहिलो होतो, सरेस कमी टाका. कमी टाकला असता तर दोन मंडयांत तो पट्टा उडून गेला असता, नाव आपोआप वर आलं असतं, अन् मले कोणी बोललं नसतं. त्याइनं पुरा टाकला. मंग वाटी माझ्यापुढं ठेवली अन् म्हणाले, "लगा." मी लावला. तू चहा पिऊन आलास तेव्हा आम्ही दोघं हात धुऊन राहिलो होतो.

त्याले सात वर्षं झाली. दर मंडईत नाटक पाहायले येतो म्हणतो मी, अन् पाहतो तो कोपरा. कणभर रंग निघालेला नाही. माझ्या उस्तादाचं काम आहे ते, निघणार कसं? त्या दिवसानंतर त्याइनं मले एका शब्दानं टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं. रुख्माले हे मी परवा सांगितलं. ती चुलीजवळ उठून गेली अन् त्या रात्री माझं ताट लेकीच्या हातून पाठवलं.

म्हणून आता माझं ऐक.

दरबाराचा पडदा तयार आहे. मधोमध मोठी कमान आहे, राजा तिच्याखाली बसेल. ओळ मी या खेपेले खाली कोपऱ्यात लिहिली नाही. कमानीवर लिहिली आहे, राजाच्या डोक्यावर, वीतभर अक्षरांत, सोनेरी. 'उस्ताद नब्बू मियाँ, गोंदिया'. माझं नाव त्याच्याखाली, बारीक. मिटवायचं असेल तर कमान मिटवावी लागेल, अन् कमान गेली की दरबार कशाचा? तुले पडदा नको असेल तर कळवजो. सालेकसाची नाटक मंडळी दोनदा विचारून गेली, त्याइले ओळीसकट पाहिजे. आणि तो जंगलाचा पडदा तेव्हा बाहेर काढून ठेवजो. मी ब्रश घेऊन येऊन राहिलो आहे. त्या गवतावर मी ती ओळ पुन्हा लिहीन, तुझ्यासमोर, भर दिवसा, साऱ्या गावादेखत.

घरी येऊ नको म्हणालास. घर बापाचं आहे, मी येईन. रुख्मा येईल, लेक येईल, उस्ताद येतील. त्याइच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, पडदा त्याइले दिसणार नाही, पण लोक वाचतील ते त्याइले ऐकू येईल. मंडईच्या सकाळी मोटारीनं सडक अर्जुनीले उतरू. तू बैलगाडी पाठवशील तर बरं. नाही पाठवलीस तर पायी येऊ. उस्ताद म्हणतात, पायी यायची आमच्या घरात जुनी सवय आहे.

पाया पड, असं मी तुले म्हणत नाही. माफी माग, असंही नाही. माफी मले मागायची आहे, मी माझी मागीन. तू फक्त दारात उभा राहून म्हणजो, "या उस्ताद." दिवसातून वीस वेळा लोक तुले म्हणतात. एकदा तू कोणाले म्हणून पाहा.

काल त्याइले नव्या पडद्यापुढं नेलं अन् कमानीवर काय लिहिलं ते वाचून दाखवलं. त्याइनं बोटानं कापड चाचपलं अन् एवढंच विचारलं, "सरेस पूरा डाला?"

मी म्हटलं, पूरा.

वहिनीले नमस्कार सांगजो. तुलेही आहेच.

तुझा लहान भाऊ,
केवळराम
शागीर्द, उस्ताद नब्बू मियाँ, गोंदिया