बापूंनी "बरां" म्हटलं

१२ मार्च, गुरुवार
तुये गावातल्या आमच्या शेडमध्ये बोर्डाची सभा. अय्यर सर बंगळूरहून आले, मोठी गुंतवणूक त्यांचीच. बसल्या बसल्या विषय काढला: कंपनीला आता अनुभवी सीईओ हवा. म्हणजे मी नको. मी फक्त मशीन बघायचं. काजूगर कॅमेऱ्याने निवडायचं मशीन केलं मी, कंपनी काढली मी, आणि... जाऊ दे.
नीलेश, कॉलेजपासूनचा माझा भागीदार, टेबलाकडे बघत "हो" म्हणाला. मी "नाही". चौथे बापू, माझे थोरले काका. पहिलं मशीन त्यांच्या कोरगावच्या काजूवर चालवलं, म्हणून मीच हौसेने डायरेक्टर केलेले. सरांनी त्यांना हिंदीत खूप वेळ समजावलं. बापूंनी मान हलवली. "बरां."
सर खूश.

१३, शुक्र.
सभेचं इतिवृत्त मेलवर आलं. तीन विरुद्ध एक, ठराव मंजूर.
बरां म्हणजे होकार?? आमच्याकडे बरां म्हणजे ऐकलं. बरां म्हणजे पुरे आता. बरां म्हणजे येतो मी! बंगळूरला कोण सांगणार? बापूंनी नाही म्हटलं तर दोन-दोन, ठराव पडतो.
नि.ला फोन. "अगं, बापू हसत होते." बापू पोस्टमनकडे बघूनही हसतात.
नि.चा राग आलाय. गेल्या महिन्यात दोन ऑपरेटर सोडून गेले, मी मशीनखाली होते, मला चार दिवसांनी कळलं, हे त्याने काढलं. खरं आहे, म्हणून जास्तच राग.

१५, रवि.
कोरगाव. बापू झाडाखाली बिया वेचत होते.
"बापू, तुमी हो म्हटलास?"
"मी बरां म्हटलंय. माणूस इतको वेळ उलयलो, त्येका काय तरी म्हणूक नको?"
जिवात जीव आला. म्हटलं, मग तुमची ना आहे असं लिहून द्या.
"ना खंय म्हटलंय मी?"
म्हणजे ना सुद्धा नाही! हसावं की काय करावं कळेना.

१६, सोम.
अय्यर सरांना सगळं सांगितलं. चिडले नाहीत. उद्या साडेदहाला बापूंना फोन करून विचारणार, हो की नाही, एकच शब्द.
दुपारी बापू शेडवर हजर. कधी येत नाहीत. मशीनमधून काजूची फुटकी पाकळी बाजूला पडते ते बराच वेळ बघत राहिले.
"उद्या काय सांगू?"
तुम्हाला वाटेल ते, मी.
"माका काय कळता ह्यातला? सकाळी हंय येतंस तेवा तुका काय करूचा आसता, ता सांग. मशीन काय माणसां?"
दोन्ही, म्हणायला तोंड उघडलं. रडूच आलं, मशीनसमोर, ऑपरेटरांदेखत. बापू म्हणाले, "फोन येवच्या आदी सांग."

१७, मंगळ.
सव्वादहा. बापूंना मीच फोन लावला. पहिल्या रिंगलाच उचलला.
"सांग गो."
मशीन की माणसं, अजून ठरेना. म्हटलं, दोन मिनिटांत परत फोन करते. ठेवला.